काडतूस, तोंड आणि पाणी

दरवर्षी १ जानेवारीला मी कोरेगावला जातो. एसटीनं, नाहीतर वस्तीतल्या टेम्पोत पोरांबरोबर. स्तंभाला हात जोडायचे, गर्दीतनं बाहेर पडायचं, स्टॉलवर दोन-चार पुस्तिका घ्यायच्या आणि कुठंतरी सावलीला बसून भाषणं ऐकायची. भाषणं बहुतेक सारखीच. पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार. टाळ्या. पुन्हा पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार. पुन्हा टाळ्या. मीही ठोकलीत अशी भाषणं. काही वर्षांमागं आमच्या वस्तीतला नववीतला एक पोरगा शेजारी बसला होता. त्यानं विचारलं, "काका, त्यांच्या बंदुकीत गोळी कशी भरायचे? मॅगझिन होतं का?"

मला सांगता येईना.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली. शूर होते, शूर होते, एवढंच आपण म्हणत आलो. त्या दिवशी आपल्या माणसानं हातानं काय केलं, तोंडानं काय केलं, एका गोळीमागं किती कष्ट उपसले, ह्याचा आपल्याला पत्ता नाही. बामणी इतिहासात तर आपला माणूस नाहीच. आपल्या स्वतःच्या इतिहासात आहे, पण पुतळ्यासारखा उभा आहे, काम करताना दिसत नाही. आणि आपली जात तर कामावरनं ओळखली गेली! म्हणून मी ह्या एका वस्तूच्या मागं लागलो. कागदाचं काडतूस.

आधी शब्द बघा. काडतूस हा शब्द आपल्याकडं पोर्तुगिजांकडनं आला, पाव आणि बटाट्यासारखा. आज काडतूस म्हटलं की डोळ्यापुढं पितळेची नळी येते. ती फार नंतरची. १८१८ साली काडतूस म्हणजे कागदाची पुडी. पुडीत मोजून घातलेली दारू आणि शिशाची एक गोळी. किराणावाला शेंगदाण्याची पुडी बांधतो ना, तसलाच प्रकार, फक्त जास्त निगुतीचा.

बंदूक ठासणीची. कोकणातल्या पोरांना ती सांगायला नको, तिकडं रानडुकरं हाकायला ठासणीच्या बंदुका अजून घराघरात असतात. कंपनीच्या शिपायाकडची ठासणीची बंदूक चकमकीची होती. नळी ३९ इंचांची, आतनं गुळगुळीत, भोक पाऊण इंचाचं. वजन साडेचार किलोच्या आसपास, वर संगीन लावली की आणखी जड. गोळी भोकापेक्षा बारीक ठेवलेली. कारण दारू जळली की नळीत काजळी साचते, आणि गोळी अगदी मापाची असली तर चार-पाच बारांनंतर ती आत उतरायचीच नाही. गोळी सैल म्हणून भरायला सोपी, आणि सैल म्हणूनच नेम कच्चा. शंभर यार्डांपलीकडं एका माणसावर नेम धरून मारणं म्हणजे नशिबाचा खेळ. म्हणून रांगेनं उभं राहायचं आणि हुकमासरशी सगळ्यांनी एकदम बार काढायचा.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, कारकुनी करतो. पण वाचून समजेना म्हणून एका रविवारी करूनच बघितलं. घरात ओरडा नको म्हणून दारूच्या जागी रवा घेतला. गोळीच्या जागी पोराची मोठी गोटी. पडद्याची लाकडी काठी वीतभर कापली आणि तिचं एक टोक चाकूनं थोडं खोलगट केलं, गोटी बसेल इतकं. मग वर्तमानपत्राचा कागद तिरपा कापला. एक बाजू सहा इंच, समोरची दोन-अडीच इंच, खालची कड सरळ आणि वरची तिरकी. काठीच्या खोलगट टोकाला गोटी लावायची, कागदाची उंच बाजू काठीवर धरायची आणि विडी वळतात तसं गच्च वळत जायचं. गोटीच्या पुढं राहिलेला कागद मुरगाळून दोऱ्यानं बांधायचा. गोटीच्या मागंही एक दोरा आवळायचा. काठी हळूच उपसली की कागदाची नळी तयार. त्यात रवा ओतायचा, उरलेलं शेपूट दुमडायचं. झालं काडतूस.

लिहायला सोपं आहे. माझी पहिली सात फुटली. कागद सैल वळला की दोरा निसटतो, फार ओढला की कागद फाटतो. दहाव्यापासनं बोटांना कळायला लागलं. आमच्या मावशीनं विड्या वळून तीन पोरं वाढवली, ती बघून हसली आणि माझी तीन होईपर्यंत तिनं बारा वळून टाकली. हे काम तिच्यासारख्याच बोटांचं होतं. पलटणीत शिपाई स्वतः बसून काडतुसं वळायचे, तोफखान्याच्या कोठारात मजूर वळायचे. इंग्लंडात वुलिचच्या सरकारी कारखान्यात ह्या कामावर लहान पोरं होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात पिट्सबर्गजवळच्या अ‍ॅलेघेनी शस्त्रागारात गरिबाघरच्या पोरी होत्या. १७ सप्टेंबर १८६२ ला तिथं दारू पेटली, ७८ माणसं गेली, त्यात बहुतेक ह्या काडतुसं वळणाऱ्या पोरीच. लढाया सेनापतींच्या नावावर लागतात, पण पुडी कुठं ना कुठं असल्याच हातांनी वळलेली असते.

आता पुडीतली दारू. सोरा, कोळसा आणि गंधक. ह्यात सोराच सगळ्यात जास्त, जवळजवळ तीन वाटे. कंपनीचा बराचसा सोरा बिहारातनं यायचा. गोठ्यातली, जुन्या भिंतींच्या पायथ्याची खारी माती खरवडायची, पाण्यात कालवून गाळायची, आटवायची. हे काम करणाऱ्या जातीचं नाव नोनिया. नोन म्हणजे मीठ. जनावरांच्या मुतानं भिजलेली माती खरवडणारी माणसं, दुसरं काय. त्यांच्या पाटीतला सोरा जगभरच्या तोफांत जळला.

सोरा चवीला खारट असतो. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता भरणं. शिपायाच्या कमरेला चामड्याचं तोसदान. त्यात लाकडाच्या ठोकळ्याला भोकं पाडून एकेक काडतूस खोवलेलं. इंग्रजी फौजेत माणशी साठ काडतुसं द्यायची रीत होती. एका काडतुसात दहा ग्रॅमच्या वर दारू, गोळी तीस ग्रॅमच्या पुढं. साठांचं ओझं अडीच किलोच्या वर जातं. हुकूम झाला की शिपाई घोडा अर्धा चढवतो, तोसदानातनं काडतूस काढतो आणि त्याचं शेपूट दातांत धरून फाडतो. एक हात बंदुकीत अडकलेला, दुसऱ्यात काडतूस, मग फाडणार कशानं? दातानंच. युरोपच्या फौजांत पुढचे दात पडलेला माणूस भरतीला चालायचा नाही, तो ह्याचसाठी. मग फाडलेल्या पुडीतली चिमूटभर दारू कानाजवळच्या वाटीत टाकायची, तिला रंजक म्हणतात. वाटीवर झाकण लोटायचं. बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकवायचा, नळी उभी धरायची, उरलेली दारू वरनं आत ओतायची. मागोमाग गोळी, कागदासकट. तो कागदच बोळा म्हणून गोळी धरून ठेवतो. मग नळीखालचा लोखंडी गज ओढून काढायचा, वरनं ठासायचं, गज परत जागेवर घालायचा. बंदूक खांद्याला, घोडा पूर्ण चढवायचा, चाप ओढायचा. गारगोटी पोलादी झाकणावर आपटते, ठिणगी रंजकात पडते, रंजक कानातनं आत पेट घेतं आणि बार उडतो. उडाला तर. गारगोटी बोथट झाली, रंजक दमट झालं, कान काजळीनं बुजला, की नुसता 'खट्' आवाज. समोरचा मात्र धावत येतोच आहे.

कवायत पक्की असली तर मिनिटाला तीन बार. मी काठीची बंदूक करून रवा सांडत बघितलं, मिनिटाला एकसुद्धा जमला नाही. आणि माझ्यावर कुणी गोळ्या झाडत नव्हतं.

आता त्या तोंडाकडं या.

ज्या पुण्याची ती पेशवाई, तिथं अस्पृश्यांनी थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं अडकवून फिरावं असा दंडक होता. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त ते लिहून ठेवलंय, तुम्हाला पाठ असेल. मी काडतूस चावून बघितलं तेव्हा मला ते मडकं आठवलं. कागद दातांत धरला की ओला होतोच, ओठाची लाळ त्याला लागतेच. आणि तो ओला कागद गोळीबरोबर नळीत जातो, पेटतो, समोर पडतो. ज्या थुंकीला जमिनीवर पडायला बंदी, ती लाळ कंपनीच्या बंदुकीतनं पेशव्याच्या फौजेवर पडत होती. कुणी ठरवून केलं नाही हे. काडतूस फाडायची ती रीतच होती. पण मला ते विसरता येईना.

रव्यानं खरी चव कळत नव्हती. म्हणून मी मीठ आणि चुलीतला कोळसा वाटून पुड्या भरल्या. तासाभरात वीस फाडल्या. प्रत्येक वेळी थोडी पूड जिभेवर येते, दातांत बसते, ओठ काळे होतात. आठ-दहा झाल्यावर थुंकी येईनाशी झाली. विसाव्याला घशात काटा. मी पंख्याखाली, पोटभर जेवून बसलेला माणूस. पुढ्यात पाण्याचा तांब्या.

आता १ जानेवारी १८१८. दुसऱ्या बटालियनचे, बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटचे सुमारे ५०० शिपाई, कॅप्टन स्टाँटन वरचा. बरोबर दोन तोफा, त्यांच्यावर मद्रास तोफखान्याचे २४ गोरे गोलंदाज, आणि नव्यानं उभे केलेले अडीच-तीनशे घोडेस्वार. आदल्या रात्री शिरूरहून निघाले. रात्रभर चालले. सकाळी भीमेकाठी पोचले तर पलीकडं बाजीरावाची अख्खी फौज. स्टाँटननं कोरेगावात शिरून मोर्चे धरले. झोप नाही, अन्न नाही. आणि पाणी नाही. नदी समोर दिसतेय, पण तिथवर जायची वाट पेशव्यांच्या माणसांनी रोखलेली. दिवसभर गल्लीगल्लीत, घराघरात लढाई. पेशव्यांकडनं लढणाऱ्यांत अरब होते, गोसावी होते. संध्याकाळ होत आली तेव्हा तहानेनं काही गोलंदाज शरण जाऊ या म्हणायला लागले. हे गोरे गोलंदाज, बरं का. एक तोफ अरबांच्या हातात गेली. लेफ्टनंट चिझम मारला गेला, त्याचं डोकं कापून नेलं. तेव्हा जखमी होऊन पडलेला पॅटिन्सन उठला आणि बंदूक नळीकडनं धरून दस्त्यानं हाणत सुटला, शिपाई त्याच्या मागं. तोफ परत आणली. तेवढ्या गर्दीत भरायला कुणाला वेळ? जवळच्या लढाईत ठासणीची बंदूक म्हणजे लोखंड लावलेलं दांडकं.

अंधार पडायच्या सुमाराला कुठं पाणी मिळालं. रात्री नऊच्या सुमारास मारा थांबला.

आता हिशेब करा. मिनिटाला तीन बार काढले तर साठ काडतुसं वीस मिनिटांत खलास. लढाई चालली दिवसभर. म्हणजे आपली माणसं धडाधड गोळ्या झाडत नव्हती. ती थांबत होती. समोरचा टप्प्यात येईपर्यंत बार राखून ठेवत होती, वाया जाऊ देत नव्हती. तहानलेल्या, रात्रभर न झोपलेल्या माणसाला बोट चापावर ठेवून थांबायला सांगा, मग कळेल काय काम आहे ते. आणि जो जो बार काढायचा, त्याच्यासाठी पुन्हा एक खारट पुडी दातांत धरायची. काजळीनं नळी बुजत आली की ती धुवायला पाणी लागतं. प्यायलाच नाही तर नळीला कुठनं आणणार?

भाषणात मी हे सांगायला लागलो तेव्हा एका कार्यकर्त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "तुम्ही आकडा सांगा ना, अठ्ठावीस हजार. हे काय पाणी-पाणी लावलंय?" आकड्याचं ऐका. अठ्ठावीस हजार ही त्या मुलखात असलेली पेशव्यांची सगळी फौज. गावात घुसून लढल्या त्या तिच्या काही तुकड्या. कंपनीकडचे सगळे मिळून आठशेच्या आसपास, आणि त्यांत आपल्याबरोबर मराठे होते, राजपूत होते, मुसलमान होते. स्तंभावर कोरलेल्या नावांत २२ नावं 'नाक'नं संपतात, ती आपली. पेशव्यांची फौज निघून गेली त्याला जनरल स्मिथची फौज मागनं येत होती हेही कारण आहेच. हे सगळं सांगितलं म्हणून आपला माणूस लहान होतो काय? मला तर तो दिवसभर पाण्यावाचून मिठाच्या पुड्या फाडणारा माणूस अठ्ठावीस हजाराच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो. आकडा कुणीही पुसू शकतो. कोरडं तोंड पुसता येत नाही.

आता पाण्याचंच. बाबासाहेब कोरेगावला आले ते १ जानेवारी १९२७ ला. महाडच्या चवदार तळ्यावर गेले २० मार्च १९२७ ला. मध्ये ७८ दिवस. ह्या दोन तारखा आपण वेगवेगळ्या साजऱ्या करतो, एक शौर्याची, एक पाण्याची. मला त्या एकाच कॅलेंडरच्या पानावर दिसतात. आमची आजी सांगायची, पाटलाच्या विहिरीवर कुणी वरनं ओतलं तर ओंजळीनं प्यायचं, नाहीतर उभं राहायचं. किती वेळ? "देईस्तोवर," म्हणायची. बास, एवढंच.

देईस्तोवर उभा राहिलेला एक माणूस मला डमडमला भेटला. कलकत्त्याजवळचं डमडम. १८५७ चा जानेवारी. शाळेच्या पुस्तकात आपण काय शिकलो? इंग्रजांनी काडतुसाला गाय-डुकराची चरबी लावली, शिपायांचा धर्म बुडाला, उठाव झाला. ही गोष्ट बाहेर फुटली कशी, ते पुस्तक सांगत नाही. ती अशी फुटली. डमडमच्या दारूगोळ्याच्या कोठारात काम करणारा एक खालच्या जातीचा खलाशी. एक ब्राह्मण शिपाई पाण्याचा लोटा घेऊन चालला होता. खलाशानं त्याच्याकडं प्यायला पाणी मागितलं. शिपाई म्हणाला, तुझ्या तोंडानं माझा लोटा बाटेल. खलाशी म्हणाला, जात सांभाळतोस होय, थोड्याच दिवसांत गायीच्या नि डुकराच्या चरबीची काडतुसं दातानं फाडायची आहेत, मग बघू. शब्द माझे आहेत, आशय हाच. राइट नावाच्या अधिकाऱ्यानं २२ जानेवारीला हे कळवलं आणि तिथनं सगळं कागदोपत्री आलं.

म्हणजे सत्तावन्नची ठिणगी कशातनं पडली? नाकारलेल्या पाण्यातनं. चरबी नंतरची गोष्ट. आधी तहान.

खलाशाला कळलं कसं? तो कोठारातच राबत होता. काडतुसावर काय चोपडतात ते राबणाऱ्याला कळणार नाही तर कुणाला कळणार? आणि तो बोलला ते खोटंही नव्हतं. कंत्राटदाराकडनं चरबी घेतली तेव्हा ती कुठल्या जनावराची ह्याची तपासणी कुणी केलेली नव्हती. त्या कागदात खलाशाचं नाव नाही. उत्तरेकडच्या आपल्या पुस्तिकांत त्याला मातादीन भंगी म्हणतात, त्याच्या जयंत्या-मिरवणुका निघतात. नाव नंतरचं असलं तरी माझी हरकत नाही. ज्याचं नाव लिहून घ्यायची कुणाला गरज वाटली नाही, त्याला माणसांनी नाव दिलं. फक्त आपण लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, नाहीतर उद्या कुणी विद्वान उठून मातादीन खोटा म्हणजे खलाशीही खोटा म्हणेल. खलाशी खरा आहे. सरकारी कागदात आहे.

आता चरबी लागलीच का, हे काडतूस वळून बघितलेल्या माणसाला लगेच समजतं. गुळगुळीत नळीच्या बंदुकीत गोळी सैल जाते, तिला वंगण लागत नाही. एनफिल्ड रायफल आली, तिच्या नळीत पिळाच्या खाचा. गोळी घट्ट बसली पाहिजे, म्हणून कागदाला वंगण. जुनी काडतुसं बंगाल फौजेतल्या उच्च जातीच्या शिपायांनी पिढ्यान्‌पिढ्या दातानंच फाडली होती, कुणाची जात गेली नव्हती. आणि गंमत बघा, १८५७ च्या सुरुवातीला एनफिल्ड अजून फार थोड्यांच्या हातात होती. २६ फेब्रुवारीला बेऱ्हामपूरच्या १९व्या पलटणीनं जी काडतुसं नाकारली ती जुन्या गुळगुळीत बंदुकीची, नुसती दारूची, गोळीशिवायची. कागद दोन रंगांचा दिसला म्हणून संशय. २४ एप्रिलला मेरठच्या तिसऱ्या घोडदळातल्या ९० पैकी ८५ जणांनी नाकारली तीही जुनीच, आणि त्यांना तर दातानं न फाडता बोटांनी फाडायची नवी रीत दाखवायची होती. वंगण नव्हतं, चावणं नव्हतं, तरी नकार. कारण तोवर काडतूस ही वस्तू राहिलीच नव्हती. कंपनीवरचा सगळा राग त्या कागदाच्या पुडीत भरला गेला होता. जमिनी गेल्या, अयोध्येचं राज्य १८५६ ला गेलं, पगार-भत्ते तुटले. त्या रागाला मी खोटा म्हणत नाही. ८५ जणांना बेड्या ठोकल्या, दुसऱ्या दिवशी १० मे ला मेरठ पेटलं, हा मोठा इतिहास आहे. पण जो राग लोटा बाटण्यापासनं सुरू झाला, त्यात त्या खलाशाला जागा कुठं होती, एवढं विचारायचा हक्क मला आहे.

आणि आणखी एक. ज्या शिपायाला कागदावरच्या चरबीची शिसारी, त्याच्या कमरेचं तोसदान कशाचं होतं? चामड्याचं. पट्टे चामड्याचे. मेलेलं जनावर ओढणारे आणि कातडं कमावणारे हात कुणाचे, हे मी तुम्हाला सांगायचं काय? दक्षिणेत १८०६ ला वेल्लोरला पगडीवरच्या चामड्याच्या तुऱ्यावरनं शिपाई बिथरले होते, तेव्हा चामडं दिसलं. कमरेचं कधी दिसलं नाही.

मुंबईच्या फौजेची रीत वेगळी होती. तिथं महार आणि ब्राह्मण एका रांगेत उभे राहायचे, एकाच हुकमावर काडतूस चावायचे. वळलेली पुडी कुणाच्या हातची हे विचारायची सोय नव्हती. बंगालचे इंग्रज अधिकारी ह्याला नाकं मुरडायचे. पण हे कंपनीचं प्रेम होतं असं समजू नका. तिला मिनिटाला तीन बार पाहिजे होते, ते कुणाच्याही तोंडानं. दातानं फाडायची काडतुसं संपली, मागनं भरायच्या रायफली आल्या, पितळी काडतुसं आली, आणि त्याच जमान्यात 'लढाऊ जाती' नावाचं खूळ निघालं. १८९२ ला महारांची भरती बंद. ज्यांच्या दातांनी राज्य मिळवलं त्यांना सांगितलं, तुम्ही लढाऊ नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी, स्वतः पेन्शनर हवालदार, त्याविरुद्ध अर्ज लिहिला. तो अर्ज, त्याच्या मागचे अर्ज, दापोलीचे पेन्शनर, सुभेदार रामजी, हा सगळा वेगळा लेख आहे. कुणीतरी लिहा. मला जमलं तर मी लिहीन.

राहिला तो नववीतला पोरगा. आता तो कॉलेजात आहे. त्याला मी काडतूस वळायला शिकवलं, माझ्यापेक्षा बरं वळतो. २०१८ च्या १ जानेवारीला कोरेगावच्या वाटेवर काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं. तेव्हापासनं तिथं बंदोबस्त असतो, पिशव्या तपासतात. तरी येत्या १ जानेवारीला आम्ही दोघं पन्नास पुड्या वळून आणतोय, एक काठी आणि दोऱ्याचं रीळही आणतोय. पुस्तकांच्या स्टॉलपाशी बसू. ज्याला शिकायचं त्यानं यावं. पोलिसानं विचारलं तर घाबरू नका, आत रवा आहे. आणि येताना पाण्याची बाटली आणा, मिठाच्या चार पुड्यापण ठेवणार आहे.